भाव सांगायचा आणि गप्प बसायचं

या अंकाच्या संपादकांनी फोन करून "चित्रकार म्हणून तुमचे अनुभव लिहून द्या" असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "मानधन किती?" त्यांनी आधी अंकाचं महत्त्व सांगितलं. मग त्यांनी एक आकडा सांगितला. आकडा लहान आहे, पण विचारल्याशिवाय तोही आला नसता. तेव्हा लिहिते.

इरा, निनाद, हे मुख्यतः तुम्हा नातवंडांसाठी आहे. बाकीच्या वाचकांनी सोबत वाचावं. गेल्या महिन्यात इराचा डब्लिनहून फोन आला. तिथल्या एका कॉफीच्या दुकानाच्या मालकाला दुकानातली मोठी भिंत तिच्याकडून चित्रांनी रंगवून हवी आहे. मोबदला म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात तिचं नाव आणि वर्षभर फुकट कॉफी. "आजी, तू इतकी वर्षं चित्रं विकलीस. मी पैसे मागू का? आणि मागितले तर किती?" पोरीचा आवाज असा, की जणू काही गुन्हा करायची परवानगी मागते आहे. मी फोनवर एवढंच म्हटलं, त्याला दोन आठवडे थांबायला सांग, मी नीट लिहून कळवते. ते हे.

आजी हिंगोलीत चित्रं काढायची, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. कसली, ते सांगते. मी गेलेल्या माणसांची चित्रं काढत होते. घरातलं कोणी वारलं की लोक एखादा जुना फोटो घेऊन यायचे आणि मी त्यावरून तैलचित्र करून द्यायची. ते बैठकीत लागायचं, त्याला हार पडायचा, लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवली जायची. हे काम मी पस्तीस वर्षं केलं. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या आणि पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. इंग्रजीचा धंद्यात काही उपयोग झाला नाही. वडिलांची कोर्टातली कारकुनी मात्र अंगात उतरली होती: जे ठरलं ते कागदावर लिहून ठेवायचं. ही सवय मी एकदाच मोडली. ती गोष्ट पुढे येईल.

कामाची रीत साधी असते. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवून घ्यायची. इतपत कोणालाही शिकवता येतं. अडचण अशी की फोटो चांगला कधीच नसतो. तो ओळखपत्रावरचा असतो, लग्नाच्या घोळक्यातला असतो, घडी पडून नाकावर चीर गेलेला असतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. मग मी घरच्यांना समोर बसवून विचारायची. रागावले की कसे दिसायचे? हसताना तोंड मिटून हसायचे का? उन्हात कोणता डोळा बारीक करायचे? माणसं सांगता सांगता रडायची, मध्येच एकमेकांशी भांडायची, आणि त्यातून मला फोटोत नसलेला चेहरा सापडायचा. लोक पैसे देतात ते या सापडण्याचे. हे समजायला मला फार वर्षं लागली, आणि तोवर मी माझा भाव चुकीचाच लावत होते.

भाव कसा लावायचा हे मी रशीदभाईंकडून शिकले, म्हणजे आधी चुकीचं शिकले आणि मग त्यांनीच दुरुस्त केलं. रशीदभाई बसस्टँडच्या मागे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचा भाव अक्षरावर होता, आणि जोडाक्षराला दीडपट. त्यामुळे त्या काळात हिंगोलीतल्या बऱ्याच दुकानांची नावं आखूड होती. मला वाटलं, पाटीला अक्षर तसं चित्राला फूट. म्हणून मी फुटावर भाव लावला. झालं असं की प्रत्येक गिऱ्हाईक लहानात लहान चित्र मागू लागलं. वीतभर चित्रात डोळा मुगाच्या दाण्याएवढा येतो. तो काढायला चार केसांचा ब्रश आणि चार दिवस लागतात. मोठ्या चित्राला लागतात त्याहून जास्त. मी जास्त राबत होते आणि कमी घेत होते, आणि वर लोक म्हणत होते, बाईंचं बरं आहे, स्वस्तात पडतं.

रशीदभाई ओसरीवर चहा घेत म्हणाले, "भाभी, तुमी दुकान उलटं मांडलं. मेहनत कुठं जास्त लागून राहिली ते बघा, तिथं भाव लावा. कपडा मोजून विकायला तुमी काय बजाज हाय का?"

मग मी वर्षभर एका वहीत फक्त दिवस लिहिले. कोणत्या चित्राला किती दिवस गेले, एवढंच. वर्षाअखेर दिसलं की दिवसांचा आकाराशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो फोटोशी. फोटो जितका वाईट तितके दिवस जास्त. आता प्रश्न उरला की माझा एक दिवस केवढ्याचा. नेमकी तेव्हा आमच्या न्हाणीघराची भिंत चालू होती. मी गवंड्याला विचारलं, "हजेरी किती चालू आहे?" त्यानं दिवसाची मजुरी सांगितली. मी तीच धरली. जेवढे दिवस तेवढ्या गवंड्याच्या हजेऱ्या, त्यात कॅनव्हास, रंग, चौकट यांचा खर्च, आणि एकूण झाल्यावर वर पाचवा हिस्सा. फसलेल्या कॅनव्हासांचा आणि न आलेल्या गिऱ्हाइकांच्या दिवसांचा. सुबक अक्षरात पाटी लिहून ओसरीवर टांगली. त्यानंतर दर दिवाळीनंतर मी एखाद्या गवंड्याला गाठून हजेरी विचारायची आणि पाटी बदलायची. गल्लीत लोकांना वाटायचं, या बाईंचं घर कधी बांधून पुरं होणार आहे कोण जाणे.

पाटीवरून बोलणी खूप खाल्ली. "कलेचा असा बाजार मांडतात का?" हे म्हणणारे गृहस्थ स्वतः कापसाचे व्यापारी होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या मास्तरांचा पगार आहे की. तुमचा तर नुसता वेळ जातो." मी म्हटलं, "हो, वेळच जातो. त्याचेच घेते." त्या चार दिवस बोलल्या नाहीत.

पण पाटी लावणं सोपं, तोंडानं भाव सांगणं अवघड. मी भाव सांगायची आणि समोरच्यानं श्वास घ्यायच्या आत स्वतःच म्हणायची, "पण बघू, तुमच्यासाठी कमी करू." एकदा रशीदभाई तिथंच बसले होते. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "भाभी, भाव सांगितला की चूप बसायचं. त्याला बोलू द्या. आपून बोललो की आपलाच भाव खाली येते." हे ऐकायला बारीक वाटतं. करून पाहा. भाव सांगितल्यानंतरची ती अर्ध्या मिनिटाची शांतता संपता संपत नाही. मला ती जमायला सहा महिने लागले.

जमल्यावर मजा आली, हे कबूल करते. कुरुंद्याचे एक हळदवाले आले. हळद विकून मोंढ्यातून थेट माझ्याकडे. वडिलांचा फोटो ठेवला. मी भाव सांगितला आणि गप्प बसले.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाई, बाचा एक डोळा गेलेला व्हता."

"मग?"

"मग एकच काढायचा नं. दोन डोळ्यायचे पैसे काहून घेऊन राहिले?"

"गेलेला डोळाही काढावाच लागतो. तोच जास्त अवघड."

त्यांनी विचार केला. "मग आसं करा, दोन्ही चांगलेच काढा. बा आता वर गेला, तिथं नीट झाला आसंल."

मी दोन्ही डोळे चांगले काढून दिले. आठव्या दिवशी गृहस्थ चित्र पोत्यात गुंडाळून परत हजर. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं चित्र बघून पदर डोक्यावरून पुढे ओढला होता आणि विचारलं होतं, "ह्या कोणत्या पाव्हण्याला घरात आणलं?" डोळा पुन्हा घालवायचा होता. मी म्हटलं, "घालवते. दोन दिवसांच्या दोन हजेऱ्या पडतील."

"डोळा काढायचेबी पैसे आन् फोडायचेबी पैसे?"

"व्हय," मी म्हटलं आणि गप्प बसले. ते हसले आणि दिले. पुढे त्यांनी आईचंही चित्र माझ्याकडूनच करून घेतलं, आणि तेव्हा भाव विचारला नाही.

पण शांत बसण्याची मला लाजही वाटलेली आहे, आणि तेही लिहायला हवं. गयाबाई नावाची एक बाई आली. हळद शिजवायच्या कामाला जायची. तिची मुलगी गेली होती आणि तिच्याजवळ फोटो होता तो मुलीच्या मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा, काळपट. माझ्या हिशेबात सगळ्यात वाईट फोटो, म्हणून सगळ्यात जास्त भाव. मी नियमाप्रमाणे सांगितला. नियमाप्रमाणे गप्प बसले. तिनंही काही म्हटलं नाही. ओळखपत्र पदराच्या टोकाला बांधलं, "बरं हाय, बाई" म्हणाली आणि गेली. फाटकापर्यंत ती पोचली तरी मी गप्पच होते, कारण मला नुकतंच गप्प बसता यायला लागलं होतं.

नंतर मी चौकशी केली, ती सापडली नाही. कामासाठी कुठल्या गावाला गेली कळलं नाही. त्या आठवड्यात मी पाटीवर एक ओळ वाढवली: पेन्सिलीचं लहान चित्र, एक हजेरी. इरा, हे लक्षात ठेव. समोरच्याजवळ कमी असेल तर काम कमी कर, हजेरी कमी करू नकोस. एका दिवसात जेवढं होईल तेवढं दे, पण तो दिवस पुरता दे. हे मला गयाबाई येण्याच्या आधी सुचलं असतं तर त्या मुलीचा चेहरा आज कुठल्या तरी भिंतीवर असता. मी तो एकदाच पाहिला. हात चालत होता तोवर आठवणीनं काढता आला असता, पण द्यायचा कोणाला?

आता शालींकडे येते. आपल्याकडे कलावंताला पैसे देणं लोकांना अवघड वाटतं, पण शाल द्यायला कोणी मागेपुढे बघत नाही. मंडळाच्या गणपतीमागचा पडदा रंगवा, शाल आणि नारळ. वाचनालयाला चित्र द्या, शाल आणि नारळ. स्टेजवर बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या, शाल खांद्यावर टाकायची, की व्यवहार पुरा झाला. सुरुवातीची वर्षं मी या शाली घेत गेले. एका पत्र्याच्या पेटीत घड्या घालून ठेवल्या. एक दिवस मोजल्या तर अकरा भरल्या. हिंगोलीत थंडी असते तरी किती?

तुमचे आजोबा जिथं शिकवायचे त्या शिक्षणसंस्थेनं नवं सभागृह बांधलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. अध्यक्षांच्या मनात आलं की सभागृहात संस्थापकांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, मोठं तैलचित्र असावं. फोटो एकच होता, कुठल्या तरी अधिवेशनाचा, त्यात संस्थापक तिसऱ्या रांगेत, चेहरा तुरीच्या डाळीएवढा. मी अध्यक्षांना भाव सांगितला: बावीस हजेऱ्या, सामान आणि पाचवा हिस्सा. ते म्हणाले, "बाई, बराबर आहे. करा तुम्ही." मी कागदावर लिहून घेतलं नाही आणि आगाऊ काहीही मागितलं नाही. नवऱ्याच्या साहेबाकडं आगाऊ कसं मागायचं, असं वाटलं. हीच ती मोडलेली सवय.

बावीस दिवस काम केलं. संस्थापकांच्या एका म्हाताऱ्या बहिणीला सकाळी सकाळी जाऊन भेटायची, तिनं मला त्यांच्या भुवया समजावून सांगितल्या. चित्र चांगलं झालं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे.

उद्घाटनाला सभागृह भरलेलं होतं. आजोबा मागे खुर्च्या लावून घेत होते. सूत्रसंचालकांनी माईकवर सांगितलं, "आपल्याच संस्थेतील गुरुजींच्या सौभाग्यवतींनी हे भव्य तैलचित्र संस्थेला प्रेमपूर्वक अर्पण केलेलं आहे. त्याबद्दल त्यांचा सत्कार." टाळ्या सुरू झाल्या. मला वर नेलं. अध्यक्षांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि नारळ हातात दिला. बारावी शाल.

मी मागे वळून बघितलं. तुमचे आजोबा एक खुर्ची हातात धरून उभे होते. त्यांनी ती खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. नुसते बसले आणि माझ्याकडं बघत राहिले, पुढे काय ते ऐकायला बसतात तसे.

मी म्हटलं, "दोन शब्द बोलू का?" आभार मानणार असं समजून माईक माझ्याकडं वळवला.

मी म्हटलं, "हे चित्र मी अर्पण केलेलं नाही. ते बावीस दिवसांचं काम आहे आणि त्याचा भाव ठरलेला आहे. कार्यक्रमाच्या गडबडीत अध्यक्षसाहेबांच्या लक्षातून गेलं असेल, म्हणून आठवण करून देते. या सभागृहाच्या गवंड्यांना, सुतारांना, विजेचं काम करणाऱ्यांना पैसे मिळालेले आहेत, मी विचारून आले आहे. शाल चांगली आहे. पण अशा माझ्याकडे अकरा आहेत." आणि शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. नारळ तेवढा ठेवून घेतला. घरात चटणीला नव्हता.

कोणी टाळी वाजवली नाही. मी पायऱ्या उतरून मधल्या वाटेनं चालत गेले. रशीदभाई शेवटच्या रांगेत होते. सभागृहावरचं नाव त्यांनीच रंगवलेलं. ते हळूच म्हणाले, "भाभी, आता घरी जाईपर्यंत चूप बसा."

दुसऱ्या दिवशी शिपाई पाकीट घेऊन आला. रक्कम पूर्ण होती, चिठ्ठी नव्हती. जूनमध्ये शाळा उघडताना आजोबांच्या बदलीचा कागद आला: सेनगावच्या पुढे, गोरेगावच्या शाखेत. रोज हिंगोलीहून सेनगाव एसटीनं आणि तिथून पुढे जीपनं, ज्या जीपमध्ये माणसं आत जेवढी तेवढीच बाहेर लटकत असायची. तीन वर्षं. त्यांचे गुडघे त्या तीन वर्षांत गेले. हा त्या चित्राचा भाव होता, आणि तो मी नव्हे, त्यांनी भरला.

पहिल्या महिन्यात एकदा मी विचारलं, "मी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं का?" ते पायाला तेल चोळत होते. म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तर मी रोज प्रार्थनेला त्या चित्राखाली उभा राहिलो असतो. त्यापेक्षा जीप बरी. जीपमध्ये निदान कोणी भाषण करत नाही."

यानंतर मी निम्मे पैसे हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलली नाही, समोर कोणीही असो. लोक कमी आले का? आले. काही वर्षं बरेच कमी आले. मग फ्लेक्स आले, फुटाच्या भावानं. आता मोबाईल दोन मिनिटांत चित्र करून देतो म्हणतात. मध्यंतरी एकानं मला तसं दाखवलंही. त्याच्या वडिलांच्या तोंडात बत्तीसही दात होते. मी म्हटलं, छान आहे, लावा. दोन महिन्यांनी तोच विचारायला आला की तुम्ही अजून काढता का. काढत नाही. मोतीबिंदूनंतर रंग निराळे दिसतात आणि हात थरथरतो. थरथरत्या हाताची हजेरी लावणं मला पटत नाही.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. डब्लिनमधल्या एखाद्या गवंड्याला हजेरी विचार. लाजू नकोस, ते सांगतात. भिंतीला किती दिवस लागतील ते प्रामाणिकपणे मोज. सामान धर, पाचवा हिस्सा धर. कॉफीवाल्याला आकडा सांग आणि निम्मे आधी घे. कॉफी तुझी तू विकत पी.

आणि त्याच्या आधी माझं एक काम आहे. आजोबांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्या बैठकीत त्यांचं चित्र नाही. मी जिल्हाभर लोकांचे वडील काढले आणि माझ्या घरची भिंत तशीच आहे. मला आता ते जमणार नाही. तू काढ. त्यांचे सभा-समारंभातले फोटो मला नको आहेत. वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे तो त्यांच्या एसटीच्या मासिक पासावरचा फोटो, गोरेगावच्या वर्षांतला. शिक्का नेमका हनुवटीवर आला आहे आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आहेत. म्हणजे दिवस जास्त लागतील. चेहरा सापडत नसेल तेव्हा फोन कर, ते कोणता डोळा बारीक करायचे ते सांगेन. ते मला पक्कं आठवतं.

तू म्हणशील, आजी, तुझ्याकडून कसले पैसे. ते ऐकायला मी तयार नाही. दिवस मोज, भाव ठरव आणि मला फोन करून स्वतःच्या तोंडानं सांग. सांगून झालं की गप्प बस. मीही काही बोलणार नाही. बघू, आधी कोण बोलतं.